शंकेची उतरंड

भाद्रपद लागला की आमच्या गॅलरीतल्या कांद्यांना कोंब फुटतात आणि मला खैरनार सरांचा राग येतो. दोन्ही गोष्टी दर वर्षी न चुकता होतात. कांदा देवळ्याहून येतो, धाकट्या भावाच्या चाळीतला, गोणीभर. राग माझा मीच साठवलेला आहे आणि तो कांद्याहून टिकाऊ निघाला. कोंब आलेले कांदे मी आधी संपवते, एखादा सडका निघाला तर नाक मुरडून पिशवीत बांधते, आणि हात कितीही धुतले तरी तो वास बोटांना दिवसभर राहतो. माझ्या डोक्यात त्या वासाला एक जोडीदार आहे. सोल्डर वितळताना त्यातली राळ जळते, तिचा वास. धुपासारखा, पण जरा कडवट. हे दोन वास एकमेकांच्या सोबतीने आठवणारी गंगापूर रोडवर मी एकटीच असेन. एक अख्खा पावसाळा मी त्या दोघांच्या मध्ये बसून काढला.

त्या पावसाळ्याबद्दल मी फारशी बोलत नाही. बोलायला गेलं तर लोक म्हणतात, "मग झालं काय एवढं?" खरंच, काय झालं? कुणी कुणाला लुबाडलं नाही. एका सर्किटच्या आकृतीतून एक रेझिस्टर गाळला गेला. भाताच्या शितापेक्षा जरासा मोठा, अंगावर रंगीत पट्टे असलेला, पुडीत मूठभर मिळणारा. एवढ्यावरून कुणी माणूस तोडतं का? मी तोडला.

मी कचेरीत फायली हलवणारी बाई. चाळिशी उलटल्यावर लोक भजनी मंडळात जातात, योगासनं करतात, मी सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. नवरा म्हणाला, "घरात मिक्सर दुरुस्त करणारं कुणी झालं तर बरंच." मिक्सर अजूनही बाहेरच दुरुस्त होतो, ते सोडा. मला वेड लागलं ते छोट्या छोट्या सर्किटांचं. एक दिवा लागतो, विझतो, परत लागतो, आणि तो का लागतो ते आपल्याला ठाऊक असतं. कचेरीत कोणती गोष्ट का होते ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यामुळे असेल, पण त्या लुकलुकणाऱ्या दिव्यापुढे बसलं की मला फार शांत वाटायचं.

या वेडाला निमित्त मिळालं भावाच्या चाळीचं. कांद्याची चाळ म्हणजे हवा खेळती राहावी म्हणून फटीफटींच्या भिंती असलेली लांबलचक शेड. उन्हाळ्यात कांदा भरायचा आणि भाव येईपर्यंत सांभाळायचा. पावसाळ्यात हवा दमट झाली की ढिगाच्या पोटात कुठेतरी एक कांदा कुजतो, तिथे ऊब धरते, आणि ती ऊब शेजाऱ्यापाजाऱ्यांना कुजवत जाते. वरून सगळं ठणठणीत दिसतं. नाकाला कळतं तोवर उशीर झालेला असतो. मला वाटलं, ढिगाच्या आत तापमान ओळखणारा एक थर्मिस्टर सोडावा, ऊब वाढली की डबा ओरडेल. भाऊ फोनवर हसला. "ताई, तू डबा आन, मी चाळमा देव्हाऱ्यावर ठेवस."

खैरनार सर आमच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. राहतात. तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेले, शिडशिडीत, शर्टाच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत दुमडलेल्या. माझं वेड ऐकून त्यांनी मला वर बोलावलं. त्यांच्या टेबलावर नेमका तसलाच डबा होता, सटाण्याच्या चुलतभावासाठी केलेला. त्यांनी गरम चहातला चमचा थर्मिस्टरला टेकवला आणि डबा कोकलला. मी लहान पोरीसारखी टाळी वाजवली. म्हटलं, "सर, मला असाच एक करून द्या." ते म्हणाले, "मी करून देणार नाही. तू करशील. आकृती देतो." दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा सटाण्याला गेला आणि माझ्या हातात आली पेन्सिलीने काढलेली आकृती. इतकी देखणी आकृती मी तोवर पाहिली नव्हती. रेघा पट्टी न लावता सरळ, अक्षर टपोरं. मी ती घरी नेऊन देवाच्या फोटोशेजारी लावली. हो, लावली.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. शनिवार, रविवार, आणि कचेरीतून लवकर सुटका झाली तर अधल्यामधल्या दिवशीही. बाहेर पाऊस, धरणातून पाणी सोडल्याच्या गप्पा, रस्त्यावर चिखल उडवत जाणाऱ्या गाड्या. आत सरांचं टेबल, त्यावर पिवळ्या दिव्याचा गोल, आणि त्या गोलात आमची चार बोटं आणि सर्किटची हिरवी पट्टी. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गवती चहा घातलेला चहा आणायच्या, कधी थालीपीठ, कधी नुसते भाजलेले शेंगदाणे. "तुमचं बाळ रडलं का आज?" असं विचारून आत जायच्या. बाळ रडत नव्हतं. मी सगळं आकृतीप्रमाणे जोडलं होतं, पण थर्मिस्टर चिमटीत धरून गरम केला, चमच्याने केला, नवऱ्याच्या दाढीच्या गरम पाण्याने केला, डबा ढिम्म. मात्र आतल्या आयसीच्या, त्या काळ्या चिपच्या, एका पायाला बोट लावलं की तो गुरगुरायचा. बोट काढलं की गप्प.

सरांनी मला त्या दिवसांत एक उतरंड शिकवली. सर्किट चाललं नाही तर शंका कुणावर घ्यायची, त्याची उतरंड. पहिली शंका विजेवर: बॅटरी आहे का, पुरेशी आहे का, पोचते का. दुसरी जोडांवर: डाग नीट बसलाय का, दोन पायांत सोल्डर सांडलंय का. तिसरी सुट्या भागांवर: ट्रान्झिस्टर मेलाय का, आयसी बनावट आहे का. आणि शेवटची स्वतःवर: आपण उलटं तर लावलं नाही ना. एकेक मडकं उतरवायचं, आत बघायचं, बाजूला ठेवायचं. मोबाइल बंद. "यूट्यूबवर उत्तर मिळतं, अक्कल मिळत नाही," सर म्हणायचे. मी शब्द दिला होता, की उत्तर बाहेर शोधणार नाही. दिलेला शब्द पाळायची मला वाईट खोड आहे.

मी मडक्यामागून मडकं उतरवलं. बॅटऱ्या बदलल्या. सगळे जोड काढून परत दिले, इतक्यांदा की पट्टीवरचं तांबं सुटायला आलं. मेन रोडच्या दुकानातून आयसी नवी आणली, मग दुसऱ्या दुकानातून आणखी एक, कारण पहिला दुकानदार मला चोर वाटू लागला होता. त्या बिचाऱ्याकडे मी आठवडाभर संशयाने बघत होते. मग स्वतःकडे वळले. मला जमत नाही, माझे हात जाड आहेत, कचेरीच्या बाईने कचेरीतच राहावं. आरशात बघूनसुद्धा मी स्वतःला नावं ठेवत होते. एका दुपारी मात्र विचारलं. हळूच, भीत भीत, जसं मोठ्यांना वय विचारावं तसं.

"सर, आकृतीत तर काही राहिलं नसेल ना?"

सरांनी चष्मा वर सरकवला. "आकृती माझी आहे," ते म्हणाले.

मला इतकी लाज वाटली! आपण कुणावर शंका घेतली! मी तिथेच कान पकडले आणि सर मोठ्याने हसले. परत बोट लावून डब्याला गुरगुरायला लावलं, तर म्हणाले, "बघ, तुझ्याशी बोलतो तो. माझ्याशी कधी बोलला नाही." त्या वाक्यावर मी दोन दिवस तरंगत होते. मला माझ्या वडिलांनीही कधी असं काही म्हटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला फार आवडायच्या. डबा चालला नाही तरी चालेल, असं एखाद्या क्षणी वाटून जायचं इतक्या आवडायच्या.

पण डबा चालायला हवा होता. देवळ्याला हवा दमट झाली होती. एका दुपारी आम्ही दोघं टेबलाशी असताना भावाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, हातात आयर्न होतं म्हणून.

"ताई, मधला कप्पामा गरम लागी ऱ्हायनं. उघडू का?"

भर पावसात चाळ उघडायची म्हणजे माणसं लावायची, कांदा बाहेर काढून निवडायचा, भिजू न देता परत भरायचा. उगाच उघडली तर चांगला कांदाही ओल धरतो. मी म्हटलं, "थांब जरा. आठवड्यात डबा आणते, मग नेमकं कळेल कुठे ते." सर समोर बसले होते. पुढे वाकून, हातात भिंग घेऊन, माझा एक जोड बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. भाऊ म्हणाला, "बरं. तू म्हनस तं थांबस." त्याने फोन ठेवला आणि सर म्हणाले, "हा जोड जरा थंड वाटतोय, सोल्डरने नीट धरलं नाही. परत दे." मी परत दिला.

आठवडा गेला, त्याच्यावर आणखी काही दिवस गेले. मग भावाने न विचारताच चाळ उघडली. मी देवळ्याला गेले तेव्हा मधल्या कप्प्यातून काळपट पाणी वाहत होतं. बाया पदर नाकाला बांधून निवडत होत्या. बोट लावलं की कांदा पिचकायचा आणि आतून पांढरा लगदा हातावर यायचा. माश्यांचा तो आवाज, तो गोडसर घाण वास, आणि त्यात उभा भाऊ, गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला. मला वाटलं तो रागावेल. तो म्हणाला, "जाऊ दे ताई. कांदा शे तो. सडस." एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं. एक कप्पा गेला, बाकीची चाळ वाचली, घर काही उघड्यावर आलं नाही. पण तो माझ्या शब्दावर थांबला होता. त्याच्या नाकाला कळलं होतं आणि त्याने नाकापेक्षा बहिणीवर विश्वास ठेवला.

परत आल्यावर मी पहिली गेले ती सरांकडे. अंगाला अजून वास येत होता. सगळं सांगितलं. बोलता बोलता रडले. सर म्हणाले, "अरेरे. फार गेला का?"  मग म्हणाले, "चल. आज सोडायचं नाही. मीटर घे." आणि मला, हे लिहिताना आजही अंगाची लाही होते, मला ते उपकारासारखं वाटलं. एवढं होऊनही हा माणूस माझ्याबरोबर बसतोय, असं वाटलं.

चूक मला सापडली खंडेनवमीच्या सकाळी. पोह्यांसाठी कांदा चिरत होते. डबा ओट्यावरच होता, कारण तेव्हा तो मी घरभर बरोबर घेऊन हिंडत होते. चहाचं पातेलं उतरवलं, थर्मिस्टर त्याला टेकला असावा. गुरगुरतोय का बघावं म्हणून सवयीने ओल्या हाताने बोट लावलं, पण बोट जरा आडवं पडलं, बॅटरीच्या तारेवर आणि आयसीच्या पायावर एकदमच. आणि डबा गुरगुरला नाही. ओरडला. स्वच्छ, खणखणीत, सटाण्याला गेलेल्या डब्यासारखा.

मी बोट काढलं, गप्प. ठेवलं, ओरडला. पातेलं दूर केलं, बोट तसंच ठेवलं, तर गप्प. म्हणजे गरम असेल तरच ओरडत होता. बरोबर चालत होता! मी तिथेच खाली बसले. डोकं हळूहळू चालू लागलं. त्या आयसीला आपल्या पायावरचा विजेचा दाब खाली ओढता येतो, वर नेता येत नाही. वर न्यायला बाहेरून आधार लागतो, बॅटरीच्या तारेपासून त्या पायापर्यंत एक रेझिस्टर. तो नव्हता. माझं ओलं बोट तो रेझिस्टर झालं होतं. पुडीतून एक काढला, लावला. बोट काढून घेतलं. पातेलं टेकवलं. डबा ओरडला. पोहे तसेच राहिले, नवरा दाराशी येऊन उभा राहिला, आणि मी ओट्याला टेकून हसत होते, रडत होते, कांद्याने की कशाने ते देव जाणे. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. लग्नात नाही, मुलगी झाली तेव्हासुद्धा भीती जास्त होती.

त्या आनंदात एक गोष्ट ध्यानात आली नाही. आकृती काढून बघितली, तिथे तो रेझिस्टर नव्हता, आणि मला वाटलं, अरे, सरांच्या हातून राहिला! वयपरत्वे होतं. कसं सांगावं, त्यांना वाईट वाटेल. वाटभर मी शब्द जुळवत होते, त्यांना लागणार नाही असे.

सरांकडे खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. टेबल धुऊन पुसून स्वच्छ, त्यावर ओळीने आयर्न, पक्कड, मीटर, स्क्रू ड्रायव्हर, प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडू. मीटरच्या काचेवर कुंकवाचं बोट. मी डबा पूजेच्या कडेला ठेवला आणि चालवून दाखवला. म्हटलं, "सर, एक रेझिस्टर राहिला होता हो. घाईत राहिला असेल."

सर माझ्याकडे बघून हसले. प्रेमाने हसले, तेच तर आहे. "सापडला? मी म्हटलं, कधी सापडतोय या बाईला."

"म्हणजे?"

"अगं, मी प्रत्येकाच्या आकृतीत एक जागा रिकामी ठेवतो. माझी पद्धत आहे. कॉलेजातही हेच करायचो. ज्याला सापडली, तो पास."

मला खरंच कळेना. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मीच ठेवली तर मला माहीत नसणार?"

"कांदा सडला तेव्हाही?"

आतून काकू प्रसाद घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, सगळ्यांनाच तसं देतात ते. मला वाटलं, तुला ठाऊक असेल एव्हाना." म्हणजे चहा आणताना, शेंगदाणे आणताना, बाळ रडलं का विचारताना त्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एका मला.

सरांचं हसू तोवर उतरलं होतं. ते जरा चिडून म्हणाले, "शिकलीस की नाही? सरळ आकृती दिली असती तर दोन दिवसांत डबा घेऊन गेली असतीस आणि परत तोंड दाखवलं नसतंस."  आपण काहीतरी जास्त बोललो, असं त्यांनाही वाटलं असावं. मी डबा उचलला. प्रसाद घेतला, देवाचा म्हणून. घरी येऊन आकृती देवाजवळून काढली. फाडली नाही, फाडण्याइतकी ती वाईट काढलेली नव्हती. रद्दीत घातली.

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा कळलं. गळा कापला जाताना दुखत नाही. उलट कुणी मानेवरून हात फिरवतंय असं वाटतं. दुखतं नंतर, आठवताना. मी तो अख्खा पावसाळा परत तपासला, एकेक जोड. "तुझ्याशी बोलतो तो" म्हणाले, तेव्हा ठाऊक होतं. भिंग घेऊन माझा चांगला जोड थंड ठरवला, तेव्हा ठाऊक होतं. "मीटर घे" म्हणाले, तेव्हा तर समोर मी रडत होते. मी मीटर घेऊन शोधत होते आणि ते मला शोधताना बघत होते. एकत्र बसलो होतो असं मला वाटत होतं. एकत्र कुठे? मी एकटीच होते.

लोक त्यांची बाजू घेतात. नवराही घेतो. गुरू हातचं राखूनच शिकवतो म्हणतो, जुनी रीत आहे. असेल. गवई चीज राखतो, आचारी मसाला राखतो, राखू देत. पण गवई शिष्याबरोबर बसून हरवलेला सूर शोधायचं सोंग करत नाही. राखण्याचा मला राग नाही. रीतीत भावाचा कप्पा कुठे बसतो, तेवढं कुणी सांगावं. तो डबा पुढच्या वर्षी मी भावाच्या चाळीत लावला, अजून चालतो. भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो, आणि डबा ओरडायच्या आधीच नाकाने ओळखून चाळ उघडतो.

आता मलाही कुणी विचारतं. कचेरीतली शबाना, मालेगावची, इथे वडाळ्यात राहते. तिच्या गच्चीवरची टाकी रोज सांडायची, शेजाऱ्यांशी भांडणं व्हायची. "बाजी, पानी भरलं की वाजेल असं काही होतं का?" मी तिला आकृती काढून दिली. पूर्ण. कुठे काय का लागतं, तेही कडेला लिहिलं. एका रविवारी ती आली, जेवणं झाल्यावर बसलो, चहाच्या वेळेला टाकीचा भोंगा तयार. ती इतकी खूश झाली की मला मिठीच मारली. ईदला डबाभर शीरखुर्मा घेऊन आली. पण टेबलाशी बसायला परत आली नाही. कशाला येईल? तिचं काम झालं होतं. पुढच्या रविवारी मी टेबल पुसून, दिवा लावून बसले होते, ते उगाचच. तेव्हा सरांचं वाक्य आठवलं, परत तोंड दाखवलं नसतंस. आणि त्यांनी तसं का केलं ते मला त्या रविवारी नीट, आतून कळलं. कळलं म्हणून राग गेला असता तर किती सोयीचं झालं असतं.

यंदा गोणी आली त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. इतक्या वर्षांनी. "सुनंदा, सरांचा रेडिओ बंद पडलाय गं. त्यांनीच केलेला, तो. आता हात थरथरतात त्यांचे, जमत नाही. जेवतानाही लक्ष नसतं. येशील का?" नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण बिघडलेलं सर्किट म्हटलं की माझे पाय चालायला लागतात, ही खोडही त्यांनीच लावलेली.

सर वाळले आहेत. बाह्या अजून कोपरापर्यंत, पण हात बाहीत हरवल्यासारखे. "आलीस?" म्हणाले. टेबलावर रेडिओ उघडून ठेवला होता, दिवा लावलेला, दोन खुर्च्या. मी बसले. वीज बघितली, ठीक होती. जोडांवर नजर फिरवली आणि थांबले. पट्टीवर एका जागी दोन भोकं रिकामी होती. भोवतालचं सोल्डर चकचकीत, ताजं, वेडंवाकडं ओघळलेलं. शेजारच्या तारेला आयर्नचा चटका बसलेला. थरथरत्या हाताने कुणीतरी तिथला एक भाग काढला होता, आणि त्याला फार दिवस झाले नव्हते.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. परत! तेच, परत!

"सर," मी म्हटलं, "इथला रेझिस्टर कुठे आहे?"

 काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या, खाली बघत होत्या. मग सरांनी शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली, बराच वेळ चाचपलं, आणि तो काढून माझ्या तळहातावर ठेवला.   आयर्न तापलेलंच होतं. मी तो लावला, रेडिओचा कान पिरगाळला. बाजारभाव चालू होते, बाईचा स्वच्छ आवाज खोलीभर भरला.

"इतक्यात झालं?" सर म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंय."

"चहा टाकलाय," काकू म्हणाल्या. "गवती चहा घातलाय, तुला आवडतो तसा."

"राहू द्या काकू," मी म्हटलं आणि चपला घातल्या. सर खुर्चीवरून उठायचा प्रयत्न करत होते. मी थांबले नाही. जिन्याच्या वळणावर पोचले तोच वरचा रेडिओ बंद झाला. बिघडला नव्हता, कुणीतरी बंद केला होता. मी कठड्याला धरून उभी राहिले. वर जावंसं वाटलं, खूप वाटलं. त्यांनी एकदा, त्या पावसाळ्यात किंवा आज, नुसतं "ये गं, बसू" म्हटलं असतं तर मी जन्मभर त्या टेबलाशी गेले असते, डबा चालो न चालो. तेवढं त्यांना कधी म्हणता आलं नाही. खाली येऊन मी छत्री उघडली आणि घरी आले.